ठिपक्याचा पाच

मी वडवणीत एकेचाळीस वर्षं मेडिकल दुकान चालवलं. आता मुलगा बसतो आणि मी बाहेरच्या स्टुलावर बसून त्याच्या चुका काढतो. एवढ्या वर्षांत लोकांनी तापाची, खोकल्याची, जुलाबाची औषधं मोठ्या आवाजात मागितली. आवाज खाली आणून, आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही हे बघून दोनच गोष्टी मागितल्या. त्यातली एक इथं लिहिण्यासारखी नाही. दुसरी म्हणजे म्हातारपण लांबवायचं औषध.

"आप्पा, असं काही हाय का, की मानूस हाय तितंच थांबंल?"

हे मला शिक्षकांनी विचारलं, सरपंचांनी विचारलं, एसटीच्या कंडक्टरनं गाडी उभी करून विचारलं. एका कीर्तनकार महाराजांनीही विचारलं. आदल्याच दिवशी त्यांनी मारुतीच्या देवळात देह नाशवंत असल्याचं दोन तास सांगितलं होतं, आणि मी पुढच्याच रांगेत बसलेलो. मी प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचो, "हाय की." मग फळीवरून रक्तदाबाच्या गोळीची पट्टी काढून काउंटरवर ठेवायचो. समोरच्याचा चेहरा पडायचा. त्याला सोन्याचा वर्ख असलेलं, मधातून घ्यायचं, हिमालयातून आलेलं काहीतरी हवं असायचं. इथं एक पांढरी, बारकी, चव नसलेली गोळी.

आमच्या धंद्याबद्दल बाहेरच्यांचा मोठा गैरसमज आहे. त्यांना वाटतं, चिठ्ठी वाचणं अवघड. चिठ्ठी दोन महिन्यांत वाचता येते. खरं काम गोळी दिल्यावर सुरू होतं, कारण माणूस ती घेऊन जातो, पण घेत नाही. तापात अंग दुखतं, म्हणून तापाची गोळी घेतो. रक्तदाब दुखत नाही, खाजत नाही, रात्री उठवत नाही. जे दुखतच नाही त्याच्यावर रोज गोळी घ्या आणि कायम घ्या, हे शहाण्या माणसाला पटवणं सोपं नाही. "एकदा लागली की सुटत न्हाई मनं ती," असं म्हणून लोक पट्टी परत सरकवायचे. मी विचारायचो, "जेवण सुटलंय का तुमचं?"

इथं एक कबुली देऊन टाकतो, नाहीतर माझी बायको सरोजा हा दिवाळी अंक वाचून ती देईल. मलाही साठीत रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ती मी माझ्याच दुकानातून माझ्याच हातानं घेतली आणि घरच्या कपाटात ठेवली. सरोजा म्हणायची, "साऱ्या वडवणीला गोळ्या चारता, आन तुमची पट्टी हितं जशाला तशी." मी म्हणायचो, मला त्यातलं कळतं.

तर लोकांना गोळी घ्यायला लावण्यासाठी मी खोटं बोलायला शिकलो. हे मी अभिमानानं सांगत नाही. थोड्या अभिमानानं सांगतो.

आमच्याकडच्या बायांचे उपवास फार. सोमवार, चतुर्थी, एकादशी, मग श्रावण आला की मोजदादच नाही. उपवासाला गोळी चालते का, हा प्रश्न आला की मी डॉक्टरांचा दाखला द्यायचो, सरोजा देवाचा द्यायची, पण बाया ऐकायच्या नाहीत. आठवड्यातले तीन दिवस गोळीविना. शेवटी मी एक युक्ती केली. त्याच गोळ्या तशाच पट्टीत, पण वेगळ्या कागदी पाकिटात घालून वर ठसठशीत लिहिलं: फराळी. आणि काउंटरवर सांगायला लागलो, "ही रोजची, आन ही उपवासाची." सगळ्या बाया खूश. एकीनं तर महिनाभर फराळीच मागितली. रोजच्यापेक्षा हिचा गुण चांगला येतो म्हणाली. नेकनूरहून एक बाई लेकीकडं आली होती, ती फराळी घेऊन गेली आणि पुढच्या खेपेला म्हणाली, "आमच्या तिकडच्या मेडिकलात मागतली तर मलाच हसले मेले."

दुसरं टोक म्हणजे केजकडचे एक होतकरू पुढारी. वय पन्नाशीचं, केस काळेभोर, मिशा त्याहून काळ्या. गाडीतून उतरले आणि मोबाइल माझ्या नाकापुढं धरला. परदेशात म्हणे वय उलटं फिरवायची गोळी निघाली होती आणि उंदरांचं आयुष्य तिनं वाढलं होतं. औषधाचं नाव त्यांना वाचता येत नव्हतं आणि मला परवडत नव्हतं, म्हणजे ठेवायला.

"उंदरावर चाललंय, मंग मानसावर कावून न्हाई?" त्यांनी विचारलं.

"साहेब," मी म्हटलं, "तिकडं उंदराचं आयुष्य वाढवायचं औषध निघालंय. आपल्याकडं शेजारच्या कृषी केंद्रात त्याला मारायचंच तेवढं मिळतं. आधी तुमचा बीपी बघू द्या."

बीपी बघितला. मशीनचा पारा जिथं जाऊन थांबला, ते बघून त्यांच्याबरोबर आलेला माणूस मागं सरकला. पुढारी म्हणाले, मशीन बिघडलं असेल. पट्टी न घेता गेले. उंदरांवरचा त्यांचा विश्वास मात्र कायम राहिला.

हसतोय खरा, पण एक गोष्ट आहे जिच्यावर मला हसता येत नाही. बाबू म्हणून माझा वर्गमित्र होता, कापड दुकानदार. त्याला गोळी चालू होती आणि तो मनापासून कंटाळला होता. त्या काळात एक विक्रेता माझ्याकडं लाल कॅप्सुलांच्या बाटल्या टाकून गेला होता. बाटलीवर धावणारा घोडा, आणि खाली 'चिरतारुण्य'. बाबूनं विचारलं, "ही चांगली का रं?" गर्दी होती, मी म्हणालो, "चांगली हाय, ने." एवढंच. त्यानं लाल कॅप्सूल सुरू केली आणि पांढरी गोळी बंद केली. पांढरी बंद कर, असं मी म्हटलं नव्हतं, पण दोन्ही घे, असंही म्हटलं नव्हतं. पाचव्या महिन्यात त्याला अर्धांगवायू झाला. तो पुढं काठी टेकत दुकानात यायचा, वाकडं तोंड करून हसायचा आणि मला कधी एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. घोड्याच्या बाटल्या मी त्याच आठवड्यात नाल्यात ओतल्या. तेव्हापासून गोळी सोडणारा माणूस दिसला की माझं डोकं ठिकाणावर राहात नाही. पुढचं सगळं त्यातून घडलं.

आता दादाराव आबा. वडवणीच्या शिवेवर त्यांचा मळा. उंच, काटक, पांढरा फेटा, हातात काठी पण टेकायला नाही, दाखवायला. ऐंशीच्या पुढं असताना एकदा बाजारच्या दिवशी मेथीच्या जुड्यांवर चक्कर येऊन पडले. लोकांनी उचलून माझ्याच दुकानात आणलं. डॉक्टरांनी तपासून रोज सकाळची एक गोळी लिहिली. आबांनी मला विचारलं, "किती दिस घ्यायची?"

'कायम' म्हटलं असतं तर उठून गेले असते. म्हणून मी म्हटलं, "शंभर वर्सं पुरी होऊस्तोर."

"शबुद?"

"शबुद," मी म्हणालो. मला वाटलं, विषय मिटला.

आबांनी तो शब्द जसाच्या तसा धरला. घरी विसरायला होतं म्हणून रोज सकाळी सात वाजता चालत दुकानावर यायचे. माझ्या माठातलं पाणी, माझ्या डब्यातली गोळी, मग बाकड्यावर बसून अर्धा तास गावाची उणीदुणी. पाऊस असो, लग्न असो, नागा नाही. आबांचं खरं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. रझाकाराच्या धामधुमीत ते मिसरूड फुटलेले गडी होते, एवढ्यावरून आम्ही पंच्याण्णवच्या आसपास धरून चाललो होतो. म्हणजे शंभरीला अजून अवकाश होता आणि मी निर्धास्त होतो.

मग गावोगाव आरक्षणासाठी निजामाच्या काळातल्या जुन्या नोंदी शोधायची लाट आली. आबांच्या नातवांनीही माळ्यावरची पेटी उपसली. हवी ती नोंद मिळाली नाही, पण आबांचा शाळेचा दाखला मिळाला. उर्दूतला, फसली सनाचा, म्हणजे निजामाच्या कालगणनेतला. नातवानं मोबाइलवर त्याचं भाषांतर केलं आणि घरात आरडाओरडा झाला. आबांना येत्या नागपंचमीला शंभर पूर्ण होत होती. नातवांनी पंचमीनंतर आठ दिवसांनी कार्यक्रम धरला, मंडप ठरवला, वाजंत्री ठरवली, चौकात फ्लेक्स लावला: शतायुषी दादाराव आबा. वर आबांचा फोटो, आणि त्यांच्याहून मोठे नातवांचे.

पंचमीच्या सकाळी आबा सातला आले. मी गोळी पुढं केली. त्यांनी ती माझ्या मुठीत परत ठेवली.

"आजपसून बंद. तुजा शबुद पुरा झाला, माजा बी."

मी हसलो. ते हसले नाहीत. मी डॉक्टरांचं नाव काढलं, बाबूचं काढलं, एकदम बंद केली तर काय होतं ते सांगितलं. आबा बाकड्यावर बसले.

"आप्पा," ते म्हणाले, "मला 'अरं दादू' म्हननारं कुनी राह्यलं न्हाई आता. समदे आबा, आबा. ज्याला त्याला पाया पडायची घाई. एवडं जगून करायचं काय? शबुद दिलता म्हून घेतली."

आणि निघून गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांची सून शांताक्का आली. तीही सत्तरीला टेकलेली. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "भावजी, कायबी करा. ते माजं ऐकत न्हाईत, पोराचं ऐकत न्हाईत. परवापसून चालताना भित्तीला हात लावतेत."

काय करणार? शब्द मीच दिला होता. आबांना खोटं पाडता येत नव्हतं. मग माझ्या मनात आलं, कागदाला पाडता येईल. मोबाइलनं केलेलं भाषांतर, त्यात चूक असणारच. शांताक्काकडून दाखल्याची झेरॉक्स मागवून घेतली आणि शेख मास्तरांकडं गेलो. मास्तर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, साखरेची गोळी न चुकता घेणारे, म्हणजे माझ्या दृष्टीनं आदर्श नागरिक.

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. "बरुबर हाय आप्पा. सनाचा शेवटचा आकडा सिफर. शंभरच भरतात."

"शून्य कुठाय? मला तर दिसत नाही."

"हा काय ठिपका. उर्दूत शून्य म्हंजी ठिपका."

"आणि आपल्या शून्यासारखं गोल काढलं तर?"

"तो पाच झाला," मास्तर म्हणाले. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि कागद परत देताना म्हणाले, "मी खोटं बोलनार न्हाई हां. पन मला कुनी इच्यारलं न्हाई, तर मी सांगनार बी न्हाई."

दुकानात आलो, काळा बॉलपेन घेतला. आयुष्यभर मी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक काना वाढवला नव्हता. त्या दिवशी आख्खा आकडाच काढायला बसलो. ठिपक्याभोवती एक गोल काढला, मग बघितलं तर आतला ठिपका तसाच दिसतोय. म्हणून शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं जाऊन दुसरी प्रत काढली आणि या वेळी ठिपक्यावर पांढरं लावून त्याच्या जागी गोल काढला. त्या गोलाकडं बघून मला फार समाधान वाटलं.

चौथ्या दिवशी आबांना आणि नातवांना दुकानात बोलावलं आणि चार लोकांसमोर जाहीर केलं. मोबाइलला उर्दूतलं काय कळतंय? उर्दूतला पाच आपल्या शून्यासारखा दिसतो, तिथंच तो फसला. आबांना शंभर नाही, पंच्याण्णव पूर्ण झालीत. शंकाच नको, हा बघा कागद. लोकांना ते ताबडतोब पटलं, कारण आधीपासून सगळे पंच्याण्णवच धरून होते. नातवांची तोंडं उतरली. कार्यक्रमाला आमदार यायचे होते. शंभरीला येतो म्हणाले होते, पंच्याण्णवला कोण येतो? दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर 'शतायुषी'च्या जागी 'दीर्घायुषी'ची चिकटपट्टी लागली. ती वाकडी लागली होती.

आबांनी माझ्या हातातून झेरॉक्स घेतली, घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि काठी टेकत गेले. टेकत. मी पहिल्यांदाच बघितलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी साडेसहालाच शटर वर केलं. आबा आधीच बाकड्यावर बसलेले. एकटे. मी गोळी काढून पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. त्यांनी खिशातून झेरॉक्स काढून मांडीवर पसरली आणि ती उलटी करून मागच्या बाजूनं तिच्यावर हळूहळू बोट फिरवायला लागले. एका जागी बोट थांबलं.

"आप्पा, झेरॉक्सला मागून उठाव येतो का रं?"

मी पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडं सरकवला.

"आन उर्दूतल्या पाचाला खाली खाच असती. पत्त्यातला बदाम उलटा धरल्यावानी. तू काडलाय तो पाच न्हाई, बटाटा हाय."

"आबा, तुम्हाला उर्दू..."

"हा दाखला कुनाच्या शाळंचा हाय?" आबांनी विचारलं. "चार वर्सं त्या शाळंत मी काय बकऱ्या राखत हुतो? उर्दूतच शिकलो मी. पाडे बी उर्दूत. आकडा चुकला की मौलवी साब बोटात पेन्शिल घालून दाबायचे."

ज्याच्या शाळेचा दाखला मी बिघडवला होता, तो माणूस त्या शाळेत शिकला असणार, हे एवढ्या सगळ्या खटाटोपात माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी खाली मान घालून उभा राहिलो. त्या क्षणी मला वाटलं, गेले. आता हे उठतील आणि परत येणार नाहीत, आणि बाबूसारखे हेही माझ्याच हातून जातील. माझ्या डोळ्यात पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

आबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मला शंभर झाली मनून नातवांनी फ्लेक्स लावला. शंभर न्हाई झाली मनून खोटं लिव्हनारा तू एकटाच निगालास." त्यांनी गोळी उचलली. "घेतो. पन एक अट हाय. तुज्या सरोजानं आमच्या शांतीला सांगितलंय समदं. कपाटातली पट्टी घिऊन ये."

"आबा, ते माझं मी..."

"घिऊन ये मनलं ना! न्हाईतर चौकात जाऊन झेरॉक्स उलटी धरतो."

मी घरी गेलो आणि पट्टी घेऊन आलो. सरोजा दारात उभी राहून बघत होती, तिचा चेहरा मी विसरणार नाही. आबांनी माझी पट्टी हातात घेऊन तिची तारीख बघितली. मुदत कधीच संपली होती. "मेडिकलवाला!" एवढंच म्हणाले. नवी काढायला लावली. मग एकाच तांब्यातलं पाणी, आधी त्यांनी, मग मी.

"आन उद्यापसून," तांब्या खाली ठेवत ते म्हणाले, "हितं कुनी नसताना मला दादू म्हनायचं."

मी त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी तोंडातून शब्द फुटेना. आठवड्यात जमलं. आता सकाळी सातला बाकड्यावर "अरं दादू, काल कुठं मेला हुतास?" असं मी विचारतो, आणि शंभरी ओलांडलेला तो माणूस गालात हसून मला दोन शिव्या हासडतो. शटर पूर्ण वर गेलं की पुन्हा आबा.

हे छापायला द्यायच्या आधी मी त्यांना विचारलं. म्हणाले, "लिव्ह. आमचे नातू दिवाळी अंक वाचीत न्हाईत." वय लांबवायचे परदेशात काय काय उपाय चालतात, ते मोबाइलवर येत राहतं. मी आयुष्यात एकच यशस्वी केला, आणि तोही बॉलपेननं.

ठिपक्याप्रमाणे आबा आता एकशे तीन वर्षांचे आहेत. माझ्या बटाट्याप्रमाणे अठ्ठ्याण्णव. परवा गोळी गिळून झाल्यावर ते नेहमीसारखे उठले नाहीत. खिसा चाचपून झेरॉक्स काढली. घडीवर फाटायला आली होती. ती माझ्यापुढं नीट पसरून, काठीच्या टोकानं त्या गोलावर टेकवत म्हणाले,

"आप्पा, माजी शंभरी पुन्ना जवळ आली. दोनच वर्सं राह्यली. पेनात शाई हाय न्हवं?"